अण्णांचा पोळपाटावरचा रेडिओ

गुंडप्पा अण्णा आज पहाटे गेले, आणि बातमी ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्या रेडिओतल्या सेलचा.

सेल आत राहिले तर पाणी सुटतं, रेडिओ खराब होतो.

लगेच माझी मलाच लाज वाटली. पण माझं डोकं असंच आहे. काळजी कुठून सुरू होईल, सांगता येत नाही.

ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. खटकचिंचोळीत त्यांचं बियाण्याचं दुकान. मी शेजारी, शेती करणारा, सातवी पास. लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या.

अण्णांना नाद एकच. दिवस मावळला की अंगणात बसून लांबची रेडिओ स्टेशनं ओळखायची.

दिवसा जवळची लागतात. दिवेलागणीला लांबची यायला लागतात, आणि एकाच आकड्यावर दोन-दोन, तीन-तीन स्टेशनं एकमेकांच्या अंगावर बोलतात. वर कन्नड, खाली तमिळ, मधूनच कुठली तरी अजान.

आपल्याला तो नुसता गोंगाट. अण्णांना त्यात माणसं वेगवेगळी ऐकू यायची.

पद्धत सोपी होती. रेडिओ पोळपाटावर ठेवायचा आणि पोळपाट हळूहळू फिरवायचा. एका ठिकाणी जोरातलं स्टेशन बारीक होतं, आणि त्याच्या खालचं वर येतं.

पोळपाट अक्कांचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा. आमच्याकडं रोजची भाकरी काठवटीत थापतात, म्हणून तो मोकळाच असायचा. पण सणाला पोळ्या करायच्या म्हटलं की भांडण ठरलेलं.

"आवं, पोळपाट द्या की. पुरण वाळायलंय."

"थांब गं, कोलंबो यायलंय."

"कोलंबोला म्हणावं, पोळ्या खाऊनच जा."

अण्णांचा नियम कडक होता. स्टेशननं आपल्या तोंडानं नाव सांगितल्याशिवाय ओळख पटली म्हणायचं नाही. अंदाज चालायचा नाही.

एक स्टेशन मात्र त्यांना दाद देईना. जोरातल्या कन्नड स्टेशनाच्या खाली एक बाई मराठीत बोलायची. मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये, एवढं ऐकू यायचं. नाव सांगायच्या वेळेला नेमकं कन्नड वर.

मी समुद्र पाहिलेला नाही. तरी मला जेवण जायचं नाही.

"अण्णा, गेले असतील का हो ते?"

"कोण?"

"मच्छीमार."

"माणिक, भाकर खा. ते तुला वळखत पण न्हाईत."

एकदा मी म्हणालो, "रत्नागिरी असंल. मराठी हाय, समुद्र हाय."

"आपण मराठी बोलताव. म्हणून महाराष्ट्रात हाव का?"

"न्हाई."

"मग?"

सगळा जन्म कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात काढून मी ही चूक केली होती.

मग अण्णांच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका, जिवावर बेतेल.

मुलगा शिवराज बीदरला नौबादमध्ये राहतो. त्याचा मला रोज फोन. "काका, तुमी सांगा. तुमचं ऐकतेत ते."

अण्णा म्हणायचे, "त्या बाईचं स्टेशन कळू दे. मग येतो."

घरातले चिडले. मी चिडलो नाही. मी आयुष्यभर घाबरत आलोय. दुसऱ्याची भीती मला लगेच ओळखू येते.

अक्कांनी एक डाव टाकून बघितला. "आत्ताच नाव सांगितली की बाई! मी ऐकलं. रत्नागिरी."

"बाईनं सांगितलं का शिवराजनं?"

अक्का तोंडाला पदर लावून आत गेल्या.

दुखणं वाढत चाललं. अण्णा पोट दाबून, वाकून बसायचे, पण रेडिओ सोडायचे नाहीत. मला वाटायचं, हा माणूस इथंच अंगणात जाणार.

अशाच एका संध्याकाळी सगळ्या गावाची लाइट गेली.

"झालं!" मी म्हणालो. "आता मोटर बंद, पाणी न्हाई, ऊस वाळणार..."

"गप बस. ऐक."

ऐकलं. गावातले बल्ब, चार्जर, टीव्ही यांची रेडिओत जी सारखी करकर असते, ती थांबली होती.

कळ आली तसं अण्णांनी दोन्ही हातांनी पोट धरलं. "तू फिरव," म्हणाले.

मी पोळपाटाला हात लावला. पहिल्यांदाच.

"हळू. लई झालं. मागं घे. आता थांब!"

कन्नड बारीक झालं. आणि बाई शेजारी बसल्यासारखी बोलली. नाव तिनंच सांगितलं, केंद्र गोव्याचं होतं. पणजी.

अण्णा हसले. "मराठी हाय, समुद्र हाय, आन् महाराष्ट्र न्हाई."

अक्का दारातून म्हणाल्या, "आता चला बीदरला."

अण्णांनी रेडिओ बंद केला. मग हळूच मला म्हणाले, "माणिक, भ्याव वाटायलंय रे."

"मला पण."

"तुला रोजच वाटतंय. कसा काय जगायलास तू, ते तर सांग."

मी म्हणालो, "वाटू द्यायचं. आन् सकाळची बस धरायची."

यावर ते इतके हसले की पोटात कळ येऊन ओरडले, आणि ओरडत पुन्हा हसले.

सकाळची बस आम्ही धरली. वाटेतली भालकी मागं गेली तरी मी ब्रेक नीट लागतो का ते बघत होतो आणि अण्णा खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

ऑपरेशन चांगलं झालं. त्यानंतर अण्णा पुष्कळ जगले. दोन नातवंडांची लग्नं बघितली, दोन्ही वेळा वरातीत नाचले. आज झोपेतच गेले. कसलीच कळ न येता.

माती दुपारी देणार आहोत, त्यांच्याच शेतात. ऊन लई आहे. डोक्याला टॉवेल बांधून या, सोबत पाणी ठेवा. म्हाताऱ्या माणसांनी बांधावरून जपून चाला.

अण्णा, तुमच्या शेजारी बसायला मिळालं, यात मला सगळं मिळालं.

भरल्या मनानं शेवटचा नमस्कार.