सरांचं ‘व्हेरी गुड’

पन्नाशीत मला कार शिकवायला आमच्या मस्तगड भागात येणारे सर शाबासकी फक्त इंग्रजीत देतात. गाडी बंद पडली की ‘गुड ट्राय’, समोरची रिक्षा थोडक्यात वाचली की ‘व्हेरी गुड’. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आहे, त्यावरचा पाय मात्र ते कधी काढत नाहीत. इंग्रजीच का, असं एकदा विचारलं.

“मॅडम, शाबास म्हणलं की लेकराला म्हणल्यावानी वाटतं. इंग्रजीनं बराबर हिंमत येती.”

परवा अंबड रोडला बराच वेळ ‘गुड’ नाही की ‘कीप इट अप’ नाही. आपलं काय चुकलं, म्हणून हळूच बाजूला पाहिलं. सर सीटवर चक्क मांडी घालून झोपले होते.

पुढे म्हशी आल्या, तरी मी हॉर्न वाजवला नाही.