भिंतीवरचे बारा ठिपके

प्रेमिलाबाईंच्या घरी माझं जाणं-येणं पंधरा वर्षांचं. मी आमगावात अंगणवाडी चालवते आणि त्यांचं घर मागच्याच गल्लीत. त्यांचे मालक पुस्तकांना पुठ्ठे बांधायचे, वह्या शिवायचे. ते गेल्यावर दुकान बंद झालं, पण कात्री, पाते, पट्टी आणि चिकटवायच्या चिकीचा डबा हे सगळं बाईंनी घरात आणलं आणि समोरच्या खोलीत टेबल मांडलं. तेव्हापासून त्या टेबलावर काही ना काही कापणं चालूच असतं.

त्यांचं काम आधी मलाही कळायचं नाही. मोठ्या शहरात लोक आठवणींची वही करतात. फोटो चिकटवायचे, बाजूने नक्षीचे कागद, चित्रं, शिक्के लावायचे. त्या वहीला लागणारं सामान प्रेमिलाबाई बनवतात. त्यांचा भाचा दुर्गेश गोंदियाला छपाई करतो. बाई चित्र काढून, कापून देतात, तो छापून पाकिटं भरतो आणि नागपूर, पुण्याला पाठवतो. आमगावात एकही पाकीट खपलं नाही. आमच्याकडे आठवणी वहीत चिकटवायची कोणाला फुरसत आहे.

पहिलं पाकीट होतं ‘मांडव’. त्यात पत्रावळ, मुंडावळ्या, हळदीचं ताट आणि मांडवाच्या खांबाला टेकून झोपलेली एक पोरगी. ती पोरगी म्हणजे त्यांचीच धाकटी बहीण. दुसरं होतं ‘शाळेचा पहिला दिवस’. त्यातला रडका मुलगा त्यांचा लीलाधर, नाक वाहतंय आणि एक चप्पल उलटी. ते चित्र फार खपलं म्हणे. लीलाधर अजून चिडतो त्यावरून.

बाईंचा एक नेम होता. घरात घडलं नाही ते काढायचं नाही. दुर्गेशने एकदा समुद्रकिनाऱ्याचं पाकीट मागितलं तर म्हणाल्या, मी समुद्र पाहिला नाही, तू पाहिला असशील तर तूच काढ.

मागच्या कार्तिकात लीलाधरला मुलगी झाली. नाव ठेवलं चंचल. लीलाधर तिरोड्याकडे एका ठेकेदाराकडे कामाला, आठवड्याने घरी येतो. सून गुंजन आणि बाई, दोघीच घरात.

बाईंच्या माहेरी, सालेकशाकडे, त्यांच्या घराण्याची एक रीत आहे. लेकरू झालं की देवघराशेजारच्या भिंतीवर गेरूचा लांब पट्टा ओढायचा आणि त्यावर चुन्याचे बारा ठिपके द्यायचे. दर अमावस्येला सकाळी बाळाचा उजवा हात तांदळाच्या ओल्या पिठात बुडवायचा आणि एकेका ठिपक्यावर उमटवायचा. वर्षाचे बारा हात. हात जसा उठला तसा ठेवायचा. फाटला तरी पुसायचा नाही, दुसऱ्यांदा घ्यायचा नाही. वर्ष भरलं की नारळ फोडून भिंतीवर चुना फिरवायचा. रीत अशी की, बाराही ठिपके झाकले गेले म्हणजे लेकरू घरात रुजलं.

मी स्वतः गजाननाची भक्त. रोज पोथी वाचते आणि असल्या रितीला हसत नाही. पहिल्या हाताला मीच निरांजन धरलं होतं.

हे सगळं पाहून दुर्गेशने पाकिटाचं नाव ठरवलं, ‘बाळाचे बारा हात’. भिंतीवर पिठाचा हात झाला की बाई चंचलचा तळवा पुसायच्या, शाईची उशी लावायच्या आणि कागदावर घ्यायच्या. त्या कागदावरून शिक्का व्हायचा. दुर्गेशला बाराही हात दिवाळीच्या आत हवे होते. निम्मे अंदाजाने काढून दे म्हणाला. बाईंनी नेमाप्रमाणे नाही म्हटलं.

चैत्रापर्यंत सहा हात झाले. चंचलला पिठाचा गार स्पर्श आवडायचा. ती बोटं उघडझाप करायची, म्हणून तिसरा हात तर दोनदा उठल्यासारखा दिसतो. बाईंनी तोही तसाच ठेवला.

वैशाख अमावस्येला ती रडली. हात धरताच रडली, पीठ लागायच्या आधीच. गुंजन म्हणाली, उन्हाने करत असेल. त्या दिवसांत आमच्याकडे उन्हाने माणसं वेडी होतात, लेकराचं काय. दात येत असतील असं मीही म्हटलं. हात उठला तो जाड उठला. शेजारच्या धुरपताबाईंना त्याचं कौतुक वाटलं. पोरगी बाळसं धरून राहिली, दृष्ट काढा, असं त्या म्हणाल्या. बाईंनी मीठ-मोहरी ओवाळली.

ज्येष्ठातल्या अमावस्येला दोघींनी मिळून हात धरावा लागला. चंचल इतकी रडली की आवाज अंगणवाडीपर्यंत आला आणि माझी लेकरं खिचडी खाता खाता थांबली.

दुसऱ्या दिवशी मी माझी नोंदवही घेऊन गेले. चंचलचं वजन त्या महिन्यात घ्यायचं राहिलं होतं. ताणकाट्याच्या झोळीत घातली. सहा किलो तीनशे. मागची नोंद पाहिली, सहा चारशे. त्याच्या मागची, सहा चारशे. मला वाटलं काटा बिघडला. झोळीत पाण्याची लिटरची बाटली ठेवून पाहिली. काटा बरोबर होता.

बाई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर शाईच्या हाताचे कागद ओळीने मांडलेले. हातात बारीक पातं, आणि त्या एका कागदावर बोटांच्या कडा खरवडत होत्या. मी विचारलं, काय चाललंय. म्हणाल्या, शाई जास्त झाली बाई, दोन अमावस्या झाल्या हात बिघडून राहिला. दुर्गेशने फोनवर हसूनच सांगितलं होतं, मामी, ये तो लड्डू जैसा हाथ है, कस्टमर को पतली उंगली मंगता, साफ करके भेजो. म्हणून त्या साफ करत होत्या. सातवा साफ करून झाला होता, आता आठवा. काम इतकं सुबक होतं की सहाव्या हाताशेजारी ठेवलं तर कोणाला शंका येणार नाही.

मी म्हटलं, शाई भिंतीवर नाही ना लावली. भिंतीवरचे बघू.

देवघराशी गेले. नंदादीप चालू होता. गेरूच्या लाल पट्ट्यावर पांढरे आठ हात. सहापर्यंत एकापेक्षा एक जरासा मोठा, बोटांमध्ये फटी. सातव्यात मधल्या दोन बोटांची फट बुजलेली. आठव्यात चारही बोटं एकमेकांना भिडलेली, टोकाला बारीक आणि मुळाशी फुगलेली, केळफुलासारखी. तळव्याची कडही फुगून बाहेर आलेली.

वजन थांबलं होतं आणि हात वाढले होते. हे दोन्ही एका लेकराचं कसं होईल. दोन वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणात आम्हाला एक चित्र दाखवलं होतं, सिकलसेलचं, आईबापाकडून लेकराच्या रक्तात येणाऱ्या आजाराचं. लहान बाळाच्या हातापायाला सूज येते, लोक त्याला बाळसं समजतात, असं शिकवणाऱ्या मॅडमनी दोनदा सांगितलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

मी गुंजनला हाक मारली. चंचलला उजेडात आणायला सांगितलं. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. लाली नव्हती. पांढऱ्यात पिवळी झाक. दोन्ही हात गरम. पायही.

“कोणाला कधी रक्त तपासून सिकलसेलचं कार्ड मिळालं होतं का?” मी विचारलं.

गुंजन आत गेली आणि ट्रंकेतून दवाखान्याची फाईल घेऊन आली. पोटुशी असताना तपासणीत ती सिकलसेलची वाहक असल्याचं निघालं होतं. तुला काही होणार नाही, पण नवऱ्याला घेऊन ये, त्याचं रक्त तपासू, असं सांगितलं होतं. तेव्हा लीलाधरची सुट्टी झाली नाही. पुढे तिनेही विषय काढला नाही. सासूला तर सांगितलंच नाही, सासरी पहिलंच वर्ष होतं.

बाईंनी लीलाधरला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्यालाही शाळेत असताना तसलंच कार्ड मिळालं होतं. थोडंसं आहे, काही होत नाही, असं सांगितलं म्हणून त्याने ते कंपासपेटीत ठेवलं आणि विसरला. बाईंनी फोन ठेवला. लग्नाच्या वेळी आपण पत्रिका दोन ठिकाणी पाहिली होती, एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं आजच जाऊ. बाई म्हणाल्या, “आज पाडवा आहे अमावस्येचा, घराबाहेर निघत नाही, उद्या सकाळी निघू. पोरीले ताप तं नाही ना.”

“ताप येऊन राहिला आहे, हात लावून बघा,” मी म्हटलं. “तुमचा देव भिंतीवर दोन अमावस्यांपासून सांगून राहिला.”

इतकं टोचून मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी चंचलच्या कपाळाला हात लावला, देवाला हळद-कुंकू वाहिलं आणि पिशवी भरायला लागल्या.

गोंदियाला जाताना गाडीत चंचल रडली नाही. ते जास्त वाईट होतं. गुंजनच्या खांद्यावर डोकं टाकून ती उघड्या डोळ्यांनी बाहेर पाहत होती. बाई पूर्ण वेळ तिचा पाय हातात धरून बसल्या होत्या.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने पोट दाबून पाहिलं, डाव्या बरगडीखाली बोटं थांबवली, पुन्हा दाबलं. मग विचारलं, सूज कधीपासून आहे, किती वेळा आली. गुंजनला नीट सांगता येईना. तेव्हा बाईंनी पिशवीतून कागद काढले. निघताना त्यांनी ते सोबत घेतले होते. टेबलावर ओळीने मांडले, एक ते आठ.

डॉक्टरिणीने सगळे निरखून पाहिले. “आजी, यात तर सगळे हात चांगले आहेत.”

बाईंचा हात कागदावरच राहिला.

“ते मी खरवडले,” त्या म्हणाल्या. “खरे भिंतीवर आहेत.”

मी माझ्या मोबाइलवर भिंतीचा फोटो काढला होता, तो दाखवला. तिने सातव्यावर बोट ठेवलं, मग आठव्यावर, आणि कागदावर तारखा लिहून घेतल्या.

तपासणीत तेच निघालं. नुसतं वाहक नाही, आईबाप दोघांकडून आलेला आजारच. आठ दिवस ठेवून घेतलं, रक्त दिलं. लीलाधर दुसऱ्या दिवशी आला आणि गुंजनशेजारी जमिनीवर बसून राहिला. निघताना डॉक्टरिणीने समजावलं. रोजची औषधं चुकवायची नाहीत, लसी सगळ्या द्यायच्या, पाणी भरपूर. ताप आला तर घरी वाट पाहायची नाही. बरगडीखाली कुठे हात ठेवून पाहायचं ते तिने तिघांनाही शिकवलं. तिथे प्लीहा वाढून गाठीसारखं लागलं आणि लेकरू पांढरं पडलं, तर तासाभरात इथे आणायचं. एक तास, असं ती पुन्हा म्हणाली. बाईंनी विचारलं, मोठी होईल ना. ती म्हणाली, काळजी घेतली तर पुष्कळ मुलं होतात. त्यातला ‘पुष्कळ’ शब्द बाईंनी घरी आल्यावर मला दोनदा सांगितला.

दुर्गेश पाकिटासाठी आला होता. बाईंनी त्याला खरवडलेले कागद दिले नाहीत, चुलीत घातले. म्हणाल्या, भिंतीवर जसे आहेत तसे छाप, नाहीतर राहू दे. सुजलेला हात कोण विकत घेईल, असं तो हिंदीत पुटपुटला, पण चंचलकडे पाहून रिकाम्या हाताने परत गेला. ते पाकीट निघालं नाही. बाईंनी मला एकदाच बोलून दाखवलं की इतकी वर्षं नेम पाळला आणि जिथे पाळायचा तिथेच मोडला. मी म्हटलं, दोन महिने वजनाचा आकडा मीही नुसता लिहीतच होते.

परवा आषाढ अमावस्येला जिवती झाली. दाराला कडुलिंब खोचला, देवघरात जिवतीचा कागद लावला. लेकराबाळांच्या आयुष्याचा दिवस, म्हणून मी सकाळीच गेले. नववा हात घ्यायचा होता. गुंजनला आता भिंतीची भीती वाटते. नको म्हणत होती. बाईंनी तिला जबरदस्ती केली नाही. पिठाची वाटी घेऊन नुसत्या बसून राहिल्या. शेवटी गुंजनच चंचलला घेऊन आली.

बाईंनी आधी एकेक बोट आपल्या चिमटीत घेऊन पाहिलं. मग बरगडीखाली दोन बोटं ठेवली आणि थांबल्या. आम्ही दोघी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांनी मान हलवली, काही लागत नाही म्हणून. चंचल रडली नाही. पीठ गार लागलं तशी तिने बोटं हलवली.

नववा हात आठव्यापेक्षा लहान उठला. सगळ्या बोटांमध्ये फटी. लेकराचा हात लहान झाला म्हणून मी देवाला हात जोडले, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

त्याच्या पुढे चुन्याचे तीन ठिपके मोकळे आहेत. गुंजन चंचलचा तळवा पुसत होती आणि मध्येच थांबून तिने मला बोलावलं. ताई, हिचं अंग जरा कोमट लागतंय का, बघा बरं. मी हात लावला. मला नीट कळेना. बाईंनी पिठाची वाटी खाली ठेवली आणि कोपऱ्यातल्या पिशवीत दवाखान्याची फाईल आहे का ते पाहिलं. ती पिशवी आता भरलेलीच असते.