लहानू मेश्रामांनी यंत्राचंच बीपी घेतलं

लहानूभाऊ मेश्राम डोळे मिटून दोनच गोष्टींवर विश्वास ठेवत: पार्वताबाईंच्या हातचा ठेचा आणि स्वतः तपासलेलं मीटर. कारखान्यात चौतीस वर्षं त्यांचं कामच ते. दाब मोजणारी मीटरं टेबलावर यायची, लहानूभाऊ ती खऱ्या मापाशी ताडून बघायचे आणि चिठ्ठीवर लिहायचे, ‘तपासले, खरे’. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. त्यांच्या गढा मोहल्ल्यातला भाजीवाला त्यांना बघताच तराजू रिकामा करून दाखवायचा.

तर अशा माणसाच्या दंडाला एका सकाळी दीक्षाने पट्टा गुंडाळला. गढ्यात हृदयरोगावर संशोधन सुरू झालं होतं. पाच वर्षं तीच माणसं, सहा महिन्यांनी तेच मोजमाप, कोणाच्या हृदयाचं कुठे बिघडतं ते बघायचं. दीक्षा त्यासाठी घरोघर फिरायची. तिने तीनदा मोजलं आणि चिठ्ठी दिली: एकशे अठ्ठ्याहत्तर, डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टर राहिले बाजूला, चिठ्ठी पार्वताबाईंनी वाचली. त्या दुपारी वरणात मीठ नव्हतं, आणि ठेच्याची बरणी कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसली.

“पार्वता, मी काय गुन्हा केला?”

“मशीनले विचारा.”

चार दिवस लहानूभाऊंनी अळणी गिळलं. पाचव्या दिवशी शेजारचा जगदीश कुरकुरत आला. त्याच्याही घरी मीठ बंद. मग कळलं की दीक्षाने त्या आठवड्यात गल्लीतली पंधरा माणसं मोजली आणि अकरांना तीच चिठ्ठी मिळाली. लहानूभाऊंचा चेहरा खुलला.

“काहून गा जगदीश, अकरा जणांचं एकदम वाढते का? गल्ली हाय का कुकर?”

दीक्षा दुसऱ्या दिवशी दिसताच त्यांनी तिला गाठलं. “बेटा, हे मशीन पडलं होतं का कधी?”

दीक्षाचा चेहरा उतरला. “अंकल, एकदा स्कूटीवरून. पण काटा तर बरोबर झिरोवर आहे ना, देखो.”

“खाली झिरोवर खरं बोलते म्हणून वर दीडशेवरही खरंच बोलन, असं नसते.”

आणि मग लहानूभाऊंच्या अंगात आलं. पातळी बघायची गवंड्याची पारदर्शक नळी त्यांनी मागून आणली. गच्चीच्या कठड्यावरून ती खाली सोडून परत वर नेली, आत पाणी भरलं, आणि पाणी दिसावं म्हणून पार्वताबाईंच्या डोळ्यांदेखत अर्धी डबी नीळ ओतली. एक टोक यंत्राला जोडलं. हिशोब सोपा होता: निळ्या पाण्याच्या दोन पातळ्यांत दोनशे चार सेंटीमीटर अंतर पडलं की काट्याने दीडशे दाखवलं पाहिजे. गल्ली गोळा झाली. जगदीश टेप घेऊन शिडीवर चढला. दीक्षा फुगा दाबत राहिली. एका बाजूचं पाणी उतरू लागलं, दुसऱ्या बाजूचं चढू लागलं, तशा बायका खालून आकडे ओरडू लागल्या.

“दोनशे चार,” जगदीश वरून म्हणाला.

लहानूभाऊंनी काटा बघितला. “एकशे सहासष्ट.”

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग लहानूभाऊ म्हणाले, “सोळा जास्त सांगून राहिलं हे,” आणि गल्लीत दिवाळी झाली. जगदीश शिडीवरून उतरला तो थेट घरातली लोणच्याची बरणी घेऊनच बाहेर आला. कोणी भजी तळली. लहानूभाऊ तर हवेतच होते. साठी ओलांडलेला माणूस, पण निळे हात घेऊन अंगणात नाचला.

दीक्षा मात्र रडवेली झाली होती. लहानूभाऊंनी तिला म्हटलं, “चूक सापडली तं काम पक्कं झालं, बेटा. जा, सांग मॅडमले.” संशोधनाच्या प्रमुख शैलजा मॅडम तिसऱ्या दिवशी नवं यंत्र घेऊन स्वतः आल्या. नळी बघून त्या मोकळेपणी हसल्या आणि म्हणाल्या, “काका, हेही तुम्हीच तपासा.” लहानूभाऊंनी शंभरवर, दीडशेवर, दोनशेवर ताडून बघितलं. केसाचाही फरक नव्हता. त्यांनी ऐटीत कागदावर लिहिलं, ‘तपासले, खरे’, आणि खाली सही ठोकली.

मग गल्लीची फेरतपासणी झाली. अकरातले नऊ जण सुटले, जगदीशही सुटला. शेवटी लहानूभाऊ बसले. पार्वताबाईंनी बरणी खाली काढून ताट वाढूनच ठेवलं होतं.

“एकशे बासष्ट,” दीक्षा हळूच म्हणाली. पुन्हा मोजलं. एकशे बासष्ट.

अठ्ठ्याहत्तरातून सोळा गेले की बासष्ट उरतात. चौतीस वर्षं मीटरं तपासलेल्या माणसाला ही वजाबाकी येत नव्हती असं नाही. गेले तीन दिवस त्यांनी ती केली नव्हती, एवढंच.

“आवो, गणित तं तुमाले त्याच दिवशी येत होतं ना?” पार्वताबाई म्हणाल्या. आवाजात चेष्टा होती, पण डोळे भरले होते. तीन दिवस त्या तोच आकडा पोटात घेऊन फिरत होत्या, तरी आशेने ताट वाढलं होतं.

लहानूभाऊंना आधी लाज वाटली आणि मग स्वतःचंच हसू आलं. यंत्राशी भांडायची सोय त्यांनी आपल्याच सहीने बंद केली होती. त्यांनी दीक्षाकडून आपली चिठ्ठी मागून घेतली, आकड्याखाली लिहिलं, ‘तपासले, खरे’, आणि ठेच्याची वाटी जगदीशपुढे सरकवली.