खाऱ्या बांगड्याचं पाणी

सातवीत शाळा सुटलेली, सासर सोडून लातूरकडून आलेली मी. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात एका घराने मला ठेवून घेतलं, म्हातारीला सांभाळायच्या बोलीवर. तो उपकार मी विसरत नाही. तिची लेक पहाटेच मासळी घेऊन अंधेरीच्या बाजारात जाई. प्रेशरच्या गोळ्या आणि मशीन माझ्या हवाली. एका खोलीत दिवसभर आम्ही दोघी. तिला सोडून नाक्यापर्यंतही जायचं नाही, ही अट.

खारी मासळी डॉक्टरांनी बंद केली होती. एकदा तपासणीला गेलो तेव्हा आहाराचं सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, मासळी, दूध, डाळ पचताना प्रथिनांचे बारके तुकडे होतात, पेप्टाइड म्हणतात त्यांना. त्यातले काही रक्तवाहिन्या आवळू देत नाहीत, प्रेशर उतरवतात. "पण थोडंच हं. गोळी सोडायची नाही, मीठ तर नाहीच."

म्हातारीने अर्धंच ऐकलं. मीही.

"मासलीच दवा हाय. डब्यातला खारा बांगडा काढ गो."

"मीठ आहे ना त्यात, आजी."

"पान्यात भिजव. मीठ जातंय."

भिजवला. आमच्याकडे पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी कुणी फेकत नाही, त्याची आमटी करतात. सगळा कस त्यात. मला वाटलं, ते बारके तुकडेही पाण्यातच उतरले असणार. औषध मोरीत कसं ओतायचं? त्याच पाण्यात कालवण केलं. म्हातारी बोटं चाटत जेवली. तीन दिवस तेच.

चौथ्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं. मशीनवरचा आकडा कधी नव्हे इतका वर गेलेला. पुन्हा लावलं. तोच.

"लेकीला सांगू नको," ती म्हणाली. "डबा नेल ती. तुला पन घरातून काढल."

दार उघडंच होतं. पण जाणार कुठं? आणि हिला टाकून? थोडा वेळ फोन हातात धरून बसले. मग लावला.

लेक रिक्षाने आली, आईला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी दोघी परतल्या. मी सगळं सांगितलं.

"ते पाणी फेकायचं असतं, येडे. आमच्यातलं शेंबडं पोर पण फेकतं."

मी पिशवी भरायला उठले.

"बस खाली. फोन केलास ना? बस."

डबा घेऊन गेली. मला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने गोळी घेतली, पण माझ्याशी बोलली नाही. खिडकीबाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी त्यांच्यामधून दिसणाऱ्या, खाडीपलीकडे मढला माणसं नेणाऱ्या बोटीकडे.