आपलं शेत शेवटी

हर्षाली शेणव्याजवळच्या पाड्यावरची. शहापूरच्या एका कॉलेजातली संगणकांची खोली ती सांभाळायची. मुरबाड आणि कल्याणच्या कॉलेजांतही तशाच खोल्या होत्या आणि तिन्ही फायबरच्या तारेने जोडलेल्या. मोठं काम कुणाचंही असो, जिथे संगणक मोकळे असतील तिथे चालायचं. मात्र फायबरवरून एका वेळी एकाच कामाची माहिती जायची आणि त्यासाठी वेळ आधी राखून ठेवावी लागायची.

कल्याणचे ओमकार सर तिन्ही खोल्यांचे प्रमुख. त्यांचा नियम असा, की आधी संगणक अडवायचा आणि मग फायबर मिळायची वाट बघायची. त्यामुळे माहिती मुरबाडात अडकलेली आणि तिच्या नावाने शहापूरचे संगणक दिवसभर माशा मारत बसलेले! वर अहवालात शेरा काय, तर शहापूरचे संगणक वापरातच नाहीत. नियम यांचा आणि खापर शहापूरच्या माथी. शुक्रवारी चार वाजता टेम्पो येऊन संगणक कल्याणला नेणार, असं पत्र आलं. खोली गेली की हर्षालीची नोकरीही जाणार होती.

पाड्यावर भातलावणीची सावड हर्षालीची आई लहानी चालवते. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. पत्र ऐकून ती हसलीच.

"रोपा उपटून झाली नाय तवर मी बायका नेत नाय गो. बांधावर बसून काय करतील? ज्याची रोपा तयार, त्याचा शेत आधी. आन् सावड चालवील त्याचा शेत सगल्यांच्या शेवटी. मग कोन बोलंल?"

दुसऱ्या दिवशी हर्षालीने सरांना फोन लावला. "सर, आधी फायबरची वेळ राखू आणि संगणक त्याच वेळेला देऊ. तोवर त्यावर दुसऱ्याचं काम चालेल."

"वेळापत्रक आम्ही ठरवतो. तू यंत्रांवर लक्ष ठेव."

"लक्ष ठेवलं म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली. सरांनी फोन ठेवला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने शहापूरच्या संगणकांची पद्धत त्याच दिवशी बदलली, तीही उघडपणे. तिन्ही खोल्यांना दिसेल अशी नोंद केली: 'नवी पद्धत. जबाबदारी हर्षालीची.'

शुक्रवारी रांगेत पहिलं काम तिचंच होतं, जंगलातल्या वणव्यांच्या चित्रांचं. त्याची माहिती शहापुरातच होती; तेच लावलं असतं तर फायबरची वाट न बघता संगणक दिवसभर चालू दिसले असते. तिचे हात शिवशिवले. पण आईचा नियम अर्धा घेऊन चालणार नव्हतं. तिने आपलं काम शेवटी टाकलं. सकाळी मुरबाडची खोली सांभाळणाऱ्या नेहाचं विहिरींच्या पाण्याचं काम लावलं आणि दोन वाजता कल्याणचं, जे आठवडाभर रखडलं होतं.

चारला टेम्पो आला. सोबत सर आले.

"बंद कर सगळं."

हर्षाली खुर्चीतून उठली नाही. "तुमीच करा सर. आत तुमचंच काम चाललंय. सहाला पुरं होईल."

सरांनी पडद्यावर वाकून स्वतःचं नाव दोनदा वाचलं. "मग सहाला बंद करू."

"सहाला मुरबाडचं आहे. उद्या सकाळी परत तुमचं."

"आणि तुझं?"

"माझं शेवटी."

बाहेरून टेम्पोवाल्याने हाक मारली, "मॅडम, भरायचं काय?"

सरांनी संगणक नेण्याचं पत्र घडी घालून खिशात टाकलं. मग हर्षालीच खिडकीतून ओरडली, "नाय रे दादा, रिकामाच जा!"