डॉक्टरांसमोर मराठीत

आमच्या घराण्यात पुरुष आजारी पडत नाहीत, एकदम वारतात. निदान बाहेरच्यांना आम्ही तसंच सांगतो.

माझे वडील शेवटची दोन वर्षं कंबर धरून बसले होते. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला होता, हे फार उशिरा कळलं. पण 'तसल्या' जागेचं दुखणं चारचौघांत सांगायचं कसं? झाशीत ओरछा गेटच्या आमच्या गल्लीत कुणी विचारलं की मी सांगायचो, "बाबूजी की कमर में तकलीफ़ है." बरुआसागरचे काका त्याच दुखण्याने गेले; त्यांचीही कंबरच गेली, असं ठरलं. (आमच्याइतक्या कंबरा अख्ख्या झाशीत कुणाच्या गेल्या नसतील!)

लपवायला आमच्याकडे हुकमी हत्यार होतं: मराठी. बाहेर सगळा कारभार हिंदीत नि बुंदेलीत, मराठी फक्त घरात. त्यामुळे दारावर गाडी आणणाऱ्या घनश्याम भाजीवाल्याच्या तोंडावर बायको बेधडक म्हणायची, "याची वांगी किडकी असतात, घेऊ नका हो." मी गोड हसून त्याला म्हणायचो, "आज नहीं, भैया." चाळीस वर्षं हे बिनबोभाट चाललं.

साठी आली आणि माझीही रात्री लघवीसाठी उठबस सुरू झाली. टमाट्यांनी प्रोस्टेट नीट राहतं, असं कुठूनसं ऐकलं. रोज अर्धा किलो टमाटे! दात आंबले, बाकी फरक शून्य. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. बाबांचे शेवटचे दिवस मी पाहिले होते. पण भीती वाटते म्हणण्यापेक्षा काही होत नाही म्हणणं सोपं होतं. शेवटी बायकोने दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर निघाल्या बाई! माझ्या मुलाच्या वयाच्या, पाटीवर अस्सल बुंदेली आडनाव.

"कहिए अंकलजी, क्या तकलीफ़ है?"

"जी, कुछ नहीं. बस यूँ ही."

"अहो, खोटं काय बोलताय?" बायको मराठीत कडाडली. "रात्रीतून चारदा उठता. नातवाच्या मुंजीत तीनदा पाटावरून उठलात. भटजी म्हणाले, आजोबांना दाराजवळ बसवा!"

मी डॉक्टरांकडे बघून हसत, मराठीतच म्हणालो, "गप्प बस. तिला काय सांगायचं ते मी बघतो."

डॉक्टर मान खाली घालून लिहीत होत्या. "परिवार में किसी को प्रोस्टेट का कैंसर?"

"जी नहीं. कभी नहीं."

"आणि मामंजी?" बायकोने थेट माझ्या वडिलांचंच नाव काढलं. "हाडांत पसरला होता त्यांचा. मीच केलं ना त्यांचं सगळं? आणि काका?"

"अगं, हळू बोल!"

"हळू कशाला? तिला काय कळतंय! आणि देवघरामागे तंबाखूची डबी लपवता, तेही मला ठाऊक आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कागद उचलला आणि स्वच्छ मराठीत वाचला. "रात्री चार वेळा. वडील, हाडांत पसरलेला. काका, तोच. तंबाखू, देवघरामागे. काही राहिलं का, काकू?"

मी घाईघाईने भिंतीवरचा हिंदी तक्ता वाचायला घेतला.

"नागपूरला शिकले मी," त्या म्हणाल्या. "खानावळीतल्या मावशी मराठीत मागितल्याशिवाय दुसरी पोळी वाढत नसत." मग गंभीर झाल्या. "काका, सारखं उठावं लागणं या वयात बहुतेकदा नुसत्या वाढलेल्या ग्रंथीमुळे असतं. कॅन्सर सुरुवातीला काहीच बोलत नाही. म्हणून घरात कुणाला होता, ते आम्हाला कळायला हवं. तंबाखू सोडा, पोट कमी करा, चाला. टमाटेही खा, कोशिंबीर छान होते. पण वय आणि वडील बदलता येत नाहीत. तपासणी मात्र करता येते."

रक्त दिलं. मी कुशीवर निजलो आणि बोटाने करायची ती दुसरी तपासणीही झाली. जिच्या धास्तीने वर्षं काढली, ती दोन मिनिटांत आटोपली!

रक्तातला प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला. तेवढ्याने कॅन्सर ठरत नाही, असं त्यांनी बजावलं होतं. ग्वाल्हेरला ग्रंथीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता, पण ग्रंथीच्या बाहेर पडला नव्हता. उपचार झाले, मी वाचलो. बाबांना मात्र काय होतंय म्हणून मी एकदाही धड विचारलं नव्हतं, हे आता फार लागतं.

"मुलाला सांगा," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "चाळिशी आली की त्याने डॉक्टरांशी बोलायचं."

म्हणून दारापुढच्या ओट्यावर बसून मी मुलाला फोन लावला आणि बाबा, काका, मी, सगळं मोठमोठ्याने मराठीत सांगितलं. फोन ठेवला तर समोर घनश्याम, गाडीला टेकून उभा.

"बाबूजी को सोई जेई हतो न, भैया?" बाबांनाही हेच होतं ना, असं तो विचारत होता.

"तुम... समझ गए?"

"चालीस साल से सुन रए. आप औरें बताउत नईं ते, सो हमने पूछी नईं." आम्ही सांगत नव्हतो, म्हणून त्याने विचारलं नव्हतं! मग तो ओशाळला. "हमें सोई दो साल से तकलीफ़ है. बा डाक्टरनी कितै बैठत?" त्यालाही त्याच डॉक्टरांचा पत्ता हवा होता. आणि जाता जाता, "हमाए भटा में कीड़ा नईं निकरत, भैया." मी मान खाली घालून किलोभर वांगी घेतली.

सोमवारी मीच त्याला घेऊन गेलो.

"कोई तकलीफ़?" डॉक्टरांनी विचारलं.

"कछू नइयाँ, डाक्टर साब."

मी पुढे वाकून हळूच मराठीत म्हणालो, "खोटं बोलतोय हो. दोन वर्षं त्रास आहे त्याला."

घनश्यामने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. त्या खोलीत मराठी न कळणारा एकही माणूस नव्हता, आणि कुजबुजत होतो फक्त मी!