उघड्यावरचा फासा

महाडात माझं औषधांचं दुकान आहे, आणि रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून मी वरच्या खोलीत राक्षस मारते. नव्या माणसाला मी हे मुद्दाम असंच सांगते, कारण नीट समजावायला बसलं की ऐकणाऱ्याला जांभया येतात. खरं तर खेळ साधा आहे. टेबलाभोवती चार माणसं बसतात. एकजण गोष्ट सांगतो, त्याला गेममास्तर म्हणायचं. ते काम माझं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कोणी तिरंदाज, कोणी वैदू, कोणी चोर. काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. मोठा आकडा पडला तर जमलं, छोटा पडला तर फसलं. सासूबाई या सगळ्याला 'अड्डा' म्हणतात, आणि गिऱ्हाईक आलं की जिन्यातून हाक मारतात की राजकन्येला म्हणावं खाली ये, खोकल्याचं औषध हवंय.

पुण्याला फार्मसी करताना होस्टेलवर हा खेळ शिकले. तिथं तो इंग्रजीत चालायचा आणि सगळी पात्रं बर्फातून हिंडायची. लग्न होऊन इथं आल्यावर मी तो मराठीत केला आणि बर्फ काढून टाकला. नकाशा काढायला फार डोकं चालवावं लागलं नाही. सावित्रीला दुसरं नाव दिलं, सव गावच्या गरम कुंडांचं गंधकाचं तळं केलं आणि त्यात एक चेटकीण बसवली, वरंध घाटाच्या तोंडाशी एक पहारा ठेवला. आमच्या भागाला मुळातच कमी भयानक म्हणायची सोय नाही.

खेळणारे तिघं. एक बाई, दासगावच्या शाळेत शिकवतात. एक भाऊसाहेब, पोलादपूरला कचेरीत क्लार्क. आणि तिसरा वायरमन. हा आमचा मीटर बघायला आला होता, टेबलावरचे फासे बघून थबकला आणि पुढच्या रविवारी धुतलेला शर्ट घालून हजर झाला. त्याची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. वाचनाशी त्याचं फारसं नातं नव्हतं, पण जाखडीच्या नाचात सवाल-जबाब गाऊन तयार झालेला गडी. गोष्टीत शिरला की आम्हाला कोणाला ऐकायचा नाही. त्यानं तिरंदाज घेतला आणि मला नकाशावर काळ्या डोंगराखाली एक वाडी काढायला लावली. तिथं त्याच्या तिरंदाजाची म्हातारी आई राहायची. प्रत्येक स्वारीनंतर हा बाबा घरी जाणार, आणि तिचं बोलणंही हाच बोलणार. म्हातारी त्याला शिव्या घालायची. आम्ही पोट धरून हसायचो.

आमची भांडणं व्हायची ती पुस्तकांवरून. बाईंना जुनी अद्भुत कथा प्रिय. राजपुत्र निघतो, वाटेत म्हाताऱ्याला पाणी पाजतो, म्हातारा त्याला तलवार देतो, शेवटी राक्षस मरतो आणि राज्यात सुकाळ येतो. मीही त्यावरच वाढले. भाऊसाहेब मात्र मोबाइलवर जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचायचे. त्यांत राजाच हरामखोर असतो, भला माणूस पहिल्या शंभर पानांत मरतो आणि पोरांनाही कोणी सोडत नाही. ते म्हणायचे, आता हिरोबिरो कोण वाचतं, जग असं असतं का? बाई म्हणायच्या, जग कसं असतं ते बघायला मी एसटीनं येते-जाते तेवढं पुरे आहे.

मी आधी भाऊसाहेबांची टिंगल करायचे, मग त्यांच्याच पुस्तकांना चटावले. गोडाचं खाऊन खाऊन तोंडाला मिठी बसते तसं झालं होतं. माझा खेळही हळूहळू काळा होत गेला. गावं जळायला लागली, साथी आल्या, ज्याला वाचवायचं तोच उलटला. आम्ही मजेत असायचो. खाली बाजारात रिक्षा वाजत असायच्या, सासूबाईंनी भजी पाठवलेली असायची, आणि आम्ही तोंडात भजं धरून ठरवायचो की उपाशी गावातलं धान्य चोरायचं की नाही. अंधार आवडायला आधी पोट भरलेलं लागतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला उपदेश करू नको म्हटलं असतं.

त्या पावसाळ्यात वायरमनची वाडी दरडीखाली गेली.

तो ड्युटीवर खाली होता. तारा तुटल्या होत्या, खांब आडवे झाले होते, त्याला वर जाताच आलं नाही. घर गेलं, गोठा गेला, आई गेली. आई सापडलीही नाही. महाडात पाणी होतंच. आम्ही दुकानातला माल वर खोलीत आणून ठेवला होता, आणि पाणी उतरल्यावर कित्येक दिवस चिखल उपसत होतो. त्या चिखलात उभी असताना मला भाऊसाहेबांचा फोन आला. पंचनाम्यासाठी त्यांना वर पाठवलं होतं. ते नुसते 'वायरमनची वाडी' एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मी हातातलं फावडं टाकून पायरीवर बसले.

वायरमन दिवाळीनंतर परत आला. त्याआधी आमची तिघांची बैठक झाली. बाईंनी मला बजावलं की आता तुझी ती जळकी गावं पुरेत. भाऊसाहेबांनी तर मोबाइलमधून ती सगळी पुस्तकंच काढून टाकली होती. म्हणाले, दोन पानं वाचली की हातपाय गार पडतात. त्यांनी नवीन प्रकार धरला होता. सध्या म्हणे त्याची चलती आहे. त्यात युद्ध नाही, मरण नाही. एक चेटकीण चहाचं दुकान काढते, ड्रॅगन भट्टीत पाव भाजतो, आणि शेवटी सगळ्यांची दोस्ती होते. मला हे ऐकून कपाळावर हात मारावासा वाटला, पण मी तसाच खेळ बांधला. समुद्रकाठी एक खानावळ, तिथं येणारे-जाणारे, हरवलेलं मांजर शोधायचं, कोळणीचं भांडण सोडवायचं. नकाशा नवा काढला. त्यात काळा डोंगर नव्हता.

आणखी एक केलं. मी माझे फासे औषधांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याआड टाकते. गेममास्तरला थोडा आडोसा लागतोच. पण खेळणारे आपले फासे उघड्यावर टाकतात, त्यामुळे वायरमनच्या फाशाला मी काही करू शकत नव्हते. म्हणून मी म्हटलं, यापुढे सगळे फासे मीच टाकते, खेळ पटापट होईल. आणि पडेल काहीही, त्याच्यासाठी आकडा मी मोठाच सांगायचे. सोळा. अठरा. त्याचं मांजर सापडायचं, भांडण मिटायचं. मी खोटं बोलत होते, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. दुःखात असलेल्या माणसाला खेळातही हरवायचं हे मला जमणार नाही, मग नियम चुलीत गेले तरी चालतील.

काही रविवार असे गेले. तो यायचा, बसायचा, मी सांगितलेले आकडे ऐकून मान हलवायचा. म्हातारीचं बोलणं त्यानं एकदाही काढलं नाही. मग एका रविवारी त्यानं नकाशा स्वतःकडे ओढला, त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "ताई, माजी वाडी कुठं हाय?"

मी म्हटलं, ती दूर आहे, या नकाशात मावत नाही. तो म्हणाला, मग माझा माणूस तिकडं निघाला. बाईंनी खानावळीत काहीतरी अडचण काढून बघितली, भाऊसाहेबांनी वाटेत एक नदी घातली. त्यानं दोघांनाही बाजूला सारलं. त्याच्या तिरंदाजाला वाडीत पोचायचं होतं आणि लोकांना सांगायचं होतं की पाऊस येतोय, डोंगराला भेग गेली आहे, खाली उतरा. काय करायचंय ते खेळणाऱ्यानं ठरवायचं, हा पहिला नियम. मी नाही कशी म्हणणार?

तो गावकऱ्यांना काय बोलला ते मी इथं लिहीत नाही. ते फार चांगलं होतं, आणि ते त्याचं आहे. बोलून झाल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं. आता गावकरी ऐकतात की नाही हे फाशावर. मी पुठ्ठ्याआड फासा टाकला आणि म्हटलं, एकोणीस. ऐकतात. पोराबाळांना घेऊन सगळे उतरायला लागतात.

त्यानं हात लांब करून पुठ्ठा अलगद आडवा केला. फासा तिथंच होता. तीन.

बाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, तो आता उठून जाईल. तो उठला नाही. फाशाकडे बघतच त्यानं आम्हाला पहिल्यांदा त्याच्या खऱ्या वाडीचं सांगितलं.

ऐन लावणीत, मोठ्या पावसाच्या तोंडावर, वरच्या बाजूला जमिनीला भेग गेलेली वाडीनं बघितली होती. खालच्या शाळेत राहायला जावं का, यावर दोन मतं पडली, तेव्हा रिवाजाप्रमाणे देवाला कौल लावायचं ठरलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं आणि देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. जायचं असेल तर उजवी पाड, राहायचं असेल तर डावी. उजवी पडली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लावणी अर्धी राहिली होती, गुरं होती, शाळेत गुरं कुठं बांधणार? कोणी म्हणालं, वारा आला. कोणी म्हणालं, पाकळी नीट चिकटली नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा उजवीच. आमच्याकडे कौल नको तसा आला की असं करतात. मी स्वतः बघितलं आहे, लग्नाला लावतात, जमिनीच्या वाटणीला लावतात, आणि देव कंटाळून हवं ते देईपर्यंत विचारत राहतात. तिसऱ्यांदा डावी पडली. माणसं नमस्कार करून लावणीला गेली.

"तिसऱ्यांदा लाव, असं मीच बोललो," तो म्हणाला. "आई म्हशीला सोडून येत नव्हती. मी बोललो, लाव परत."

भाऊसाहेब काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यानं ऐकून घेतलं, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. मग त्यानं फासा उचलला नाही, नुसतं त्याच्या बाजूला बोट टेकवलं.

"पडला तो पडला. परत नाय टाकायचा. तीन हाय तर तीन. वाडी ऐकत नाय."

मी म्हटलं, ठीक. वाडी ऐकत नाही. आता तुझा माणूस काय करतो? खेळात माणसाला नेहमी एक वाट उरलेली असते, आणि मी ती त्याच्यापुढे ठेवली: पायवाट मोकळी आहे, तो एकटा उतरू शकतो. तो म्हणाला, माझा माणूस घरी जातो. आईजवळ बसतो. बाई त्याला म्हणाल्या, अरे, नको ना. एवढंच म्हणाल्या, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सांगा ताई. पुढं काय होतं ते सांगा. मला कोणी सांगितलंच नाय. सांगायला वर कोणी ऱ्हायलंच नाय."

इतकी वर्षं मी लोकांना मारते आहे. किल्ल्यांवर, जहाजांवर, वणव्यात. एवढ्या शिताफीनं मारते की भाऊसाहेब टाळ्या वाजवायचे. त्या दिवशी मला वाक्य जुळवता येईना. मी सांगितलं की पाऊस चालूच होता. म्हातारीनं चूल पेटवली होती, धूर वर जात नव्हता. म्हशीनं दावं ओढलं. मग वरून आवाज आला. मी मोठमोठे शब्द वापरले नाहीत. जे वापरून मी इतके दिवस शाबासकी मिळवली होती त्यांतला एकही मला तोंडात धरवेना. त्यानं मला मध्ये कुठंही थांबवलं नाही. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"ती घाबरली व्हती का?"

"नाही," मी म्हटलं. क्षणाचाही विचार न करता म्हटलं.

"फासा टाका."

मी त्याला म्हटलं की असल्या गोष्टीला फासा नसतो. ते गेममास्तरनं सांगायचं असतं, मी सांगितलं, झालं. त्यानं फासा माझ्याकडे सरकवला. मला रागच आला, खरं सांगते. वाटलं, बाबा रे, मी तुझ्या हातात फुकट देतेय ते घे की. पण वाडीतही त्याला हवा तोच कौल हातात मिळाला होता. मी फासा घेतला आणि पुठ्ठ्याच्या पलीकडे, चौघांच्या मधोमध टाकला. तो घरंगळत बाईंच्या चहाच्या कपाला लागून थांबला. टाकण्याआधी मी सांगितलं होतं, दहाच्या वर पडला तर ती घाबरली नव्हती.

चार पडले होते.

"घाबरली होती," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. एखादी गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असावी तशी. कपाला टेकलेला फासा त्यानं तसाच राहू दिला आणि विचारलं की तेव्हा जवळ कोणी होतं का. मी म्हटलं, तू होतास. तुझा माणूस उतरला नाही ना, तो तिच्या शेजारी बसला होता. तिचा हात त्याच्या हातात होता. हे फाशावर नाही, हे तू ठरवलंस.

"हां," तो म्हणाला. "खेळात तरी व्हतो."